आप्पा तांबटांची आठ वर्षं

आप्पा तांबटांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांची बहुतेकांशी तशीच व्हायची.

मी भोरच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागलो, त्या वर्षी बाजारपेठेच्या मागच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. घरमालकानं हवा दाखवली, उजेड दाखवला, नळ सोडून दाखवला. खालचं दुकान तेवढं दाखवलं नाही, कारण त्या दिवशी ते कधी नव्हे ते बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खालून हातोड्याचा पहिला ठोका आला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. ते तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि आठवड्याच्या सातही दिवशी तिथे ठोकाठोक चाले.

पंधरा दिवस मी कळ काढली. मग एका रविवारी खाली गेलो. पालथ्या हंड्यावर एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ बसले होते. वर्षानुवर्षं भट्टीपुढे बसून त्यांच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे ते रागावलेत की नाही हे चेहऱ्यावरून कळत नसे. बहुधा रागावलेलेच असत. मी म्हटलं, ''रविवारी दुपारी तासभर आवाज थांबवलात तर जरा डोळा लागेल.''

''व्हय गुर्जी. न्हाई ठोकत,'' ते म्हणाले.

आणि खरंच नाही ठोकलं. पुढच्या रविवारी मी निवांत झोपलो. बरोबर तीन वाजता दारावर थाप पडली. दारात आप्पा. ''झोप लागली न्हवं, गुर्जी? आवाज न्हाई ना आला?'' मी आभार मानले. त्याच्या पुढच्या रविवारी तीनला पुन्हा थाप. ''लागली न्हवं झोप?'' त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. चौथ्या रविवारी अडीचलाच मी खाली उतरलो आणि हात जोडून म्हणालो, ''आप्पा, ठोका.''

''आता तुमीच म्हनताय म्हनून,'' असं म्हणून त्यांनी हातोडा उचलला. तेव्हापासून आमची दोस्ती झाली. त्यांनी मला माफ केलं असं नाही, माफ करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. आमची फिटंफाट झाली होती, एवढंच.

आप्पा कधी कुणाला शिवी देत नसत, अंगावर तर जात नसतच. सगळा सूड ते कामातून उगवत. गावातल्या एका वकिलीणबाईंनी चारचौघांत म्हटलं होतं की आप्पांच्या घागरी कागदासारख्या पातळ असतात. आप्पांनी त्यांची पुढची घागर इतक्या जाड पत्र्याची केली, की ती रिकामी उचलतानाच बाईंची कंबर धरली. भरून तर ती कधी उचललीच गेली नाही. नापसंत करायलाही जागा नव्हती, असली घागर साऱ्या तालुक्यात नव्हती. दुसरे एक गृहस्थ देवळाला हंडा देणार होते. त्यावर आपलं नाव ठळक घालायला सांगताना ते हसून म्हणाले, ''नीट घाल हो, तांबटाला अक्षरं कुठली कळायला.'' आप्पांनी नाव घातलं. ठिपक्याठिपक्यांचं, मोत्यासारखं. पण हंड्याच्या आतल्या तळाला. देवळातला हंडा कधी रिकामा राहत नाही, त्यामुळे ते नाव देव आणि पुजारी सोडून कुणी वाचलं नाही.

''एकाला एक, गुर्जी,'' ते मला सांगत. ''दोन घ्यायाचं न्हाईत. अन् एक सोडायचंबी न्हाई.''

मला हा माणूस फार आवडायचा. आमच्या हेडमास्तरांचं मी कित्येक वर्षं काहीही वाकडं करू शकलो नव्हतो, त्यामुळे असेल.

आप्पांचा धाकटा भाऊ सोपान. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, तेव्हा आप्पांनीच त्याला वाढवलं. सोपानचा हात हातोड्याचा नव्हता, तो पत्र्याऐवजी स्वतःचा अंगठा ठोकायचा. त्याला वेड होतं स्टिअरिंगचं. शिवऱ्याच्या एका ट्रकवाल्याच्या हाताखाली तो गाडी शिकला आणि भोंगवलीच्या दादासाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागला.

दादासाहेबांजवळ अभिमानाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली त्यांची लाल मोटार. विलायती, दोन माणसांची, टप नसलेली, लांब नाकाची आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. देश सोडून चाललेल्या एका साहेबाकडून घेतलेली ही शर्यतीची मोटार आहे, असं ते प्रत्येकाला सांगत. दुसरी गोष्ट त्यांची विहीर. आजोबांनी खणलेली, बांधीव, उन्हाळ्यातही न आटणारी. तिचं पाणी मात्र इतकं जड, की त्यात डाळ शिजत नसे. घरातल्या बायका गुपचूप नदीचं पाणी आणून वरण करत. दादासाहेबांना मात्र विहिरीविरुद्ध एक शब्द चालत नसे. मोटारीतही त्यांच्याच विहिरीचं पाणी घालायचं, असा हुकूम होता. सीटच्या मागे पितळेच्या दोन झाऱ्या भरून बांधलेल्या असत.

ती मोटार तापायची. घाट आला की नाकातून वाफा काढायची. सोपाननं दोनदा हात जोडून सांगितलं होतं की हे पाणी बदला. दादासाहेब म्हणाले होते, ''तू गाडी हाक. पाण्याचं आम्ही बघतो.''

मग तो दिवस आला. ते साताऱ्याहून परतत होते. मागच्या मोटारीत पुण्याचे पाहुणे होते. खंबाटकी चढताना इंजिन उकळलं. सोपान म्हणाला, थांबू, निवू द्या. पाहुण्यांसमोर थांबायला दादासाहेब तयार नव्हते. घाट कसाबसा पार झाला, पण नीरेचा पूल ओलांडून सारोळ्याच्या हॉटेलासमोर आले आणि इंजिन आतल्या आत जाम झालं. पाहुणे उतरले, हॉटेलातली माणसं बाहेर आली. दादासाहेब उतरले आणि त्यांनी सोपानच्या थोबाडीत मारली.

सोपान म्हणाला, ''साहेब, मी सांगत हुतो, विहिरीच्या पान्यानं...''

''आमच्या विहिरीला नावं ठेवतोस?'' असं म्हणून ते लोकांकडे वळले. ''या गाढवानं पाणी न घालता गाडी हाकली. इंजिन जाळलं.''

मारल्याचं एक वेळ सोपान विसरला असता. पण ते शेवटचं वाक्य पंधरा माणसांनी ऐकलं आणि आठवडाभरात सगळ्या हमरस्त्यावर पसरलं. सोपानचं नाव 'इंजिनजाळ्या' पडलं. शिवऱ्याचा ट्रकवाला त्याला किल्ली देईना. धरणावर जीपसाठी ड्रायव्हर हवा होता, तिथेही कुणीतरी म्हणालं, हाच तो. सोपान मुकाट्यानं आप्पांच्या दुकानात येऊन बसला आणि अंगठा ठोकायला लागला.

दुसऱ्याच दिवशी आप्पा वर आले. ''गुर्जी, मोटारीला पानी कशाला लागतं?''

मी पाटीवर आकृती काढली. इंजिनाभोवती खेळणारं पाणी तापतं, पंप ते रेडिएटरमध्ये ढकलतो, तिथे बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. आप्पांनी आकृतीतल्या पाण्याच्या वाटेवरून बोट फिरवलं.

''म्हंजे ह्यो उलटा बंब हाय,'' ते म्हणाले. ''बंबात आपन जाळ घालून पानी तापिवतो. हितं तापल्यालं पानी वाऱ्याला द्यायाचं.''

''बरोबर.''

''अन् बंब कशानं बसतो ते मला ठावं हाय. दादासायबांच्या घरचा बंब दर साली म्याच खरवडतो.''

मी म्हटलं, ''मग जाऊन त्यांना सांगा ना तोंडावर.''

''मी गेलो तर तांबट भांडाया आला म्हन्तील. त्यो हितं आला पायजे.''

ते आठ वर्षं थांबले. थांबले म्हणजे हात बांधून बसले नाहीत. शिवऱ्यापासून सारोळ्यापर्यंत जो ट्रक तापून उभा दिसेल, त्याचं बॉनेट उघडायला लावत. रेडिएटरची फुटकी नळी डाग देऊन कशी झाळायची, पंखा किती अंतरावर हवा, वारा कुठून निसटतो, सगळं शिकले. पुढेपुढे तापणारे ट्रक आपसूक भोरकडे वळू लागले. लोकांना वाटलं, म्हातारपणी आप्पांनी नवा धंदा काढला. मला ठाऊक होतं, ही सगळी एका गिऱ्हाइकाची तयारी आहे.

ते गिऱ्हाईक एकदाचं आलं. दादासाहेबांनी पुण्यात इंजिन नवं करून घेतलं होतं. पंप बदलला, पट्टा बदलला, तरी मोटार तापायचीच. त्यातच जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींनी पुण्याहून महाबळेश्वरपर्यंत सहल ठरवली. आदल्या वर्षी अशाच सहलीला जाताना दादासाहेबांची मोटार कात्रजलाच उकळली होती, आणि ती बैलांनी ओढून आणताना लोकांनी फोटो काढले होते. यंदा त्यांना ती घाटावर नेऊन दाखवायचीच होती. कुणीतरी सांगितलं, तुमचा बंब खरवडणारा भोरचा तांबटच हल्ली तापणारे ट्रक निववतो, आणि ते दुकानात आले.

आप्पांनी त्यांना बसा म्हटलं नाही. हातातली परात ठोकून पुरी केली आणि मग मान वर केली.

''मोटार न्हाई तापनार. लिहून देतो. पन ती सोपान चालवंल. तुमी शेजारी बसायाचं. अन् सारोळ्याच्या हाटेलाम्होरं थांबून एक वाक्य बोलायाचं.''

''कसलं वाक्य?''

''इंजिन माज्या विहिरीच्या पान्यानं जळलं, सोपाननं न्हाई जाळलं. येवढंच. पन मोठ्यानं.''

दादासाहेब मोटारीसारखेच लाल झाले आणि तडक निघून गेले. मी वरच्या खिडकीत होतो, मला फार बरं वाटलं. चार दिवसांनी ते परत आले. ''ठीक आहे,'' एवढंच म्हणाले आणि मोटार ठेवून गेले.

पुढचे तीन आठवडे मी रोज शाळा सुटली की खालीच असायचो. आप्पांनी आधी मोटारीचं तोंड मोकळं केलं. जाळीपुढे दादासाहेबांनी दोन थोरले दिवे आणि घराण्याचं पितळी चिन्ह लावलं होतं, वाऱ्याला शिरायला वाटच नव्हती. ''तोंड दाबून पळ म्हनायचं अन् धाप लागली की मारायचं,'' आप्पा म्हणाले. मग रेडिएटर उतरवला. त्याच्या पापुद्र्यांत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या गच्च बसलेल्या! दर दसऱ्याला मोटारीची पूजा होई, नाकावर हार चढे आणि तो दिवाळीपर्यंत तसाच असे. मोटार पळाली की पाकळ्या आत ओढल्या जात. कित्येक दसरे तिथे साठले होते. आप्पांनी गोधडीच्या सुईनं एकेक पाकळी काढली.

त्यानंतर चिंच. पाटीभर चिंचेचा कोळ करून त्यांनी तो गरम गरम रेडिएटरमध्ये ओतला, जसा काळवंडलेल्या तांब्याला लावतात. आतून फसफस ऐकू आली. दोन दिवस तेच. मग उलट्या बाजूनं पाणी सोडलं, तर पापडाच्या तुकड्यांसारखे पांढरे खपले बाहेर पडायला लागले. इंजिनाच्या पोटातूनही तेच निघालं. आप्पांनी ते सगळे धुतले, वाळवले आणि एका सुपात भरून ठेवले. दादासाहेबांच्या घरच्या बंबातून खरवडलेले खपले त्यांच्याकडे पुडीत होतेच. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी मला दाखवले. फरक सांगता आला नसता.

खरी कारागिरी मात्र पुढे होती. पंखा उघडा होता, तो रेडिएटरमधून वारा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचाच घुसळत बसायचा. ''वारा आळशी असतुया, गुर्जी. सोपी वाट दिसली की तिकडंच जातुया. चुलीतल्या धुरागत.'' त्यांनी तांब्याचा पत्रा ठोकून पंख्याभोवती परातीसारखा गोल कठडा केला, म्हणजे पंखा जो वारा ओढेल तो रेडिएटरमधूनच ओढेल. कडेच्या फटी पत्र्यानं बुजवल्या. गरम हवेला मागून बाहेर पडायला वाट ठेवली. आणि पाणी भरलं ते नदीचं, उकळून, फडक्यानं गाळून.

मी शाळेचा थर्मामीटर आणला, हेडमास्तरांना न विचारता. वरंधच्या चढाला मोटार नेऊन बघायची ठरलं. सोपान स्टिअरिंगला, मी शेजारी. आठ वर्षांनी त्याच्या हातात चाक आलं होतं. पहिला मैलभर त्यानं मोटार बैलगाडीसारखी हळू नेली. मग एका वळणावर त्यानं गिअर असा अलगद बदलला की मला कळलंही नाही, आणि तो स्वतःशीच हसला. चढ संपला तेव्हा मी झाकण सावकाश उघडून थर्मामीटर घातला. पाणी तापलं होतं, पण उकळीपासून कितीतरी लांब होतं. परत आल्यावर मी आप्पांना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ''पंधरा मानसांतली किती जिती हायेत, ठावं हाय का?''

त्यांना नावानिशी ठाऊक होतं. तिघं गेले होते, एक मुंबईला होता. उरलेल्या अकरांच्या घरी आप्पा स्वतः जाऊन आले. सहलीच्या दिवशी सकाळी सारोळ्याच्या हॉटेलासमोर त्यांनी त्या अकराही जणांना बाकांवर बसवलं होतं. हॉटेलवाला चहा देत होता. मीही रजा टाकून गेलो होतो. आप्पा धुतलेला सदरा घालून रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांच्या हातात ते खपल्यांचं सूप होतं.

एकामागून एक जुन्या मोटारी पुलाकडे जात होत्या. मग लाल मोटार आली आणि ठरल्याप्रमाणे थांबली. इंजिन चालू होतं. दादासाहेब खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढली. आप्पांनी सूप पुढे केलं आणि बाकावरच्या मंडळींना म्हणाले, ''कान द्या सगळी.''

दादासाहेबांनी घसा साफ केला. ''त्या दिवशी इथं...'' ते म्हणाले आणि अडले. घाम फुटला होता त्यांना. आठ वर्षांचं ते वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

''ऱ्हाऊ द्या दादासायब,'' सोपान स्टिअरिंगवरूनच म्हणाला. ''झालं त्ये झालं. बसा तुमी. मोटारी म्होरं गेल्या, आपन त्यास्नी खंबाटकीत गाठू.''

दादासाहेब इतक्या चटकन आत बसले, की टोपी घालायचीही राहिली. मोटार पुलावरून निघून गेली.

बाकावरच्या एकानं विचारलं, ''काय म्हनत हुते ओ?''

सूप तसंच हातात धरून आप्पा पुलाकडे बघत राहिले. चहा संपवून माणसं उठून गेली.

खंबाटकीत काय झालं ते दुपारी एका ट्रकवाल्यानं सांगितलं. निम्म्या मोटारी बॉनेटं उघडून वाफा काढत उभ्या होत्या आणि सोपान त्यांच्यामधून शिट्टी वाजवत वर निघून गेला. शेजारी दादासाहेब हात हलवत होते. संध्याकाळी सोपान दुकानात आला. आप्पा भट्टी विझवत होते.

''वाक्य कुटं हाय?'' त्यांनी विचारलं.

''आप्पा, मला वाक्य नको हुतं,'' सोपान म्हणाला. ''मला गाडी चालवायची हुती.''

त्या संध्याकाळपासून आप्पा सोपानशी कधीच काही बोलले नाहीत. घर एक, चूल एक, पण निरोप आप्पांच्या बायकोमार्फत. एका महिन्यात सोपान एसटीत लागला. घाटातून त्याला ती मोटार नेताना एवढ्या लोकांनी पाहिलं होतं, की 'इंजिनजाळ्या' हा शब्द आपोआप गेला. सगळे म्हणायचे, सोपाननं मन मोठं केलं. मीही तोंडावर तसंच म्हणायचो. पण खरं सांगतो, मी आप्पांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. दादासाहेब मरेपर्यंत ताठ मानेनं हिंडले. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड आहे, असंच शेवटपर्यंत सांगत राहिले. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघायला हवं होतं. सोपाननं ते गिळू दिलं, याचा राग मला अजून येतो. मन मोठं करणाऱ्यांमुळेच असल्यांचं फावतं.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. ट्रंक घेऊन मी भोरच्या स्टँडवर गेलो, तर आप्पा बाकावर बसलेले. पुण्याहून पत्रा आणायला निघाले होते. पुण्याची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, ''चला आप्पा, शेजारी बसू. शेवटचं एकदा.''

''तुमी व्हा म्होरं, गुर्जी. मी मागच्यानं येतो.''

मागची गाडी दोन तासांनी होती. मग मी गाडीच्या पुढे पाहिलं. कंट्रोलरच्या खिडकीशी खाकी कपड्यात सोपान उभा होता, पाठमोरा.

मी चढून खिडकीशी बसलो. तेवढ्यात आप्पा उठले. इकडे तिकडे न बघता गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि जाळीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. मग वाकून खाली पाणी ठिबकतंय का ते पाहिलं. धोतराला हात पुसून परत बाकावर येऊन बसले.

सोपान आला, चढला, इंजिन सुरू केलं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली नाही. सोपान दोन्ही हात चाकावर ठेवून सरळ समोर बघत होता. मागून कुणीतरी ओरडलं, ''वं ड्रायव्हर, चला की.'' कंडक्टरनं पुन्हा दोनदा घंटी मारली. गाडीचं दार उघडंच होतं आणि आप्पा दारापासून दहा पावलांवर होते.

आप्पांनी तंबाखूची चंची काढली आणि बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले. सोपाननं गिअर टाकला.